व्यायलेल्या गाईसाठी एनर्जी लिक्विड आणि प्रोपिओनेट पावडर: पैसे कशाचे वसूल होतात

मंडळी, गाय व्यायली की मेडिकलवाला न विचारता एक बाटली काढून ठेवतो, "ताई हे पाजा, लिव्हर पण सुधारेल, ताकद पण येईल, दूध पण वाढेल." आमच्या गोठ्यात सगळ्या संकरित एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) गाई आहेत, त्यामुळे ही एनर्जी लिक्विडं आणि नंतर सुटी कॅल्शियम प्रोपिओनेटची पावडर, दोन्ही भरपूर वापरून झालंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते. ब्रँडचं नाव टाकत नाही कारण लेबल उलटं करून बघितलं तर बहुतेक बाटल्यांवर तीच नावं दिसतात, प्रोपिलीन ग्लायकॉल, कॅल्शियम किंवा सोडियम प्रोपिओनेट, एल-कार्निटिन, कोलीन, नायासिन, कोबाल्ट, बी-१२. फरक असतो तो कशाचं प्रमाण किती यात, आणि सगळा खेळ तिथेच आहे.

निकाल आधीच सांगते. बाटलीतलं जे काम करतं ते ग्लायकॉल आणि प्रोपिओनेट. कार्निटिनचं शास्त्र एकदम खरं आहे पण बाटलीतलं कार्निटिन गाईच्या लिव्हरपर्यंत पोचतच नाही म्हटलं तरी चालेल. त्यामुळे "कार्निटिनयुक्त" असं मोठ्या अक्षरात छापून जास्त पैसे घेत असतील तर ते देऊ नका.

आता का ते. आपण भाकरी खाल्ली की पिठाची साखर होऊन आतड्यातून रक्तात जाते. गाईचं तसं नाही. ती जे काय खाते, कडबा, मुरघास, मका भरडा, गोळी पेंड, ते आधी कोठीपोटात, म्हणजे गाईच्या पहिल्या मोठ्या पोटात, जातं आणि तिथले जीवाणू त्याचं आंबवण करून तीन आम्लं बनवतात, ॲसिटेट, प्रोपिओनेट आणि ब्युटिरेट. वैरण जास्त असेल तर साधारण ६५, २० आणि १५ टक्के असं प्रमाण असतं. म्हणजे तयार ग्लुकोज आतड्यातून जवळजवळ येतच नाही, गाईला लागणारं ग्लुकोज तिचं लिव्हर स्वतः बनवतं, आणि ते बनवायला सगळ्यात जास्त कच्चा माल लागतो तो प्रोपिओनेटचा. ॲसिटेट आणि ब्युटिरेटपासून ग्लुकोज बनत नाही. एवढी एक गोष्ट लक्षात आली ना की पुढचं लेबल वाचणं सोपं होतं.

आणि लागतं किती ते बघा. दुधात जी साखर असते, लॅक्टोज, ती ग्लुकोजपासूनच बनते, एका लिटर दुधामागे साधारण ७२ ग्रॅम ग्लुकोज जातं. २० लिटरच्या गाईला नुसत्या दुधासाठी रोज जवळजवळ १४०० ग्रॅम ग्लुकोज लागतं, तिचं स्वतःचं अंग चालवायला लागतं ते वेगळं. आता डॉक्टर २५ टक्क्यांची ५०० मिलीची डेक्स्ट्रोजची बाटली शिरेतून लावतात त्यात ग्लुकोज असतं १२५ ग्रॅम. म्हणजे दोन लिटर दुधाचंही नीट भागत नाही. सलाईन लावू नका असं मी म्हणत नाहीये, गाय बसलेली असेल, डुलत असेल तर ते लावावंच लागतं, जीव वाचतो, पण एक सलाईन लावलं म्हणजे झालं असं समजून पुढचे दिवस काहीच केलं नाही तर किटोसिस, म्हणजे ग्लुकोजच्या तुटवड्यातून होणारा आजार, परत येतो तो याच हिशोबामुळे. लिव्हरला कच्चा माल सतत मिळत राहिला पाहिजे.

प्रोपिओनेट लिव्हरमध्ये गेल्यावर त्याचं आधी प्रोपिओनिल-कोए होतं, मग मिथाइलमॅलोनिल-कोए, मग सक्सिनिल-कोए, आणि तिथून पुढे ग्लुकोजच्या वाटेला लागतं. यातलं मिथाइलमॅलोनिल-कोए बनायला बायोटिन लागतं आणि त्याचं सक्सिनिल-कोए व्हायला बी-१२. बी-१२ गाईच्या पोटातले जीवाणूच तयार करतात पण त्यांना कोबाल्ट मिळाला तर. म्हणून लेबलवर कोबाल्ट आणि बी-१२ असतं, ते उगाच भरती म्हणून नसतं. पण रोजचं मिनरल मिक्श्चर नीट देत असाल तर कोबाल्ट त्यातून मिळतोच, त्याच्यासाठी वेगळी बाटली नको.

आता लिव्हरचा भाग. व्यायल्यावर दूध चढतं भराभर आणि खाणं मात्र हळूहळू वाढतं, मधली तूट गाय अंगातली चरबी काढून भरते. ती चरबी रक्तातून लिव्हरला येते. लिव्हरपुढे मग वाटा चार. पूर्ण जाळून ऊर्जा करायची, अर्धवट जाळून कीटोन करायचे, परत चरबी बनवून स्वतःतच साठवायची, किंवा पॅक करून बाहेर रक्तात पाठवायची. गाईचं लिव्हर ते बाहेर पाठवायचं काम फार सावकाश करतं, जात म्हणूनच तसं आहे. त्यामुळे चरबी जास्त आली की कीटोन वाढतात, ती कितनबाधा म्हणजे किटोसिस, आणि लिव्हरमध्ये चरबी साठते ते फॅटी लिव्हर. दोन्ही बहुतेक हातात हात घालून येतात.

कार्निटिन इथे येतं. चरबीचे लांब रेणू पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियामध्ये गेल्याशिवाय जळत नाहीत आणि त्यांना आपलं आपण आत जाता येत नाही. कार्निटिन हा त्यांना उचलून आत नेणारा हमाल. मांसात कार्निटिन असतं हे रशियात १९०५ साली सापडलं आणि ते लिव्हरमध्ये चरबी जाळायला मदत करतं हे १९५० च्या दशकात कळलं. जनावराचं अंग लायसिन आणि मिथिओनिन या अमिनो ॲसिडपासून ते स्वतःच बनवतं, म्हणजे बाहेरून दिलंच पाहिजे असा हा काही व्हिटॅमिनसारखा प्रकार नाही, पण व्यायल्यानंतरच्या ताणात जास्तीचं मिळालं तर फायदा होतो का, हा प्रश्न रास्त आहे.

मला यातली सगळ्यात भारी वाटलेली गोष्ट म्हणजे प्रोपिओनेट आणि कार्निटिन हे लिव्हरमध्ये एकमेकांशी बांधलेले आहेत. प्रोपिओनेट भरपूर आलं की लिव्हरला कळतं की खाणं चाललंय, तुटवडा नाही, आणि चरबी आत नेणारं जे दार आहे ते थोडं मिटतं, कारण प्रोपिओनेटपासून बनणारं मिथाइलमॅलोनिल-कोए त्या दारावरच्या एन्झाइमला दाबतं. म्हणून प्रोपिओनेटने कीटोन कमी होतात, एक तर ग्लुकोज वाढतं, त्याने इन्सुलिन वाढतं आणि अंगावरची चरबी सुटायची थांबते, आणि दुसरं म्हणजे लिव्हरमध्येच कीटोन बनवणं मंदावतं. उलट बाजूने बघा, प्रोपिओनिल-कोए गरजेपेक्षा जास्त साचलं तर ते पेशीच्या बाकीच्या कामात अडथळा आणतं, तेव्हा कार्निटिन त्याच्याशी जुळून प्रोपिओनिल-कार्निटिन बनवून त्याला बाहेर काढतं. उंदरांच्या लिव्हरच्या पेशींवर हे स्पष्ट दिसलंय, प्रोपिओनेट टाकलं की चरबी जळणं कमी होतं आणि कार्निटिन दिलं की ते सावरतं. माणसांत ज्या बाळांना जन्मतः प्रोपिओनिल-कोए पुढे ढकलता येत नाही त्यांना डॉक्टर कार्निटिन देतात ते याचसाठी. म्हणजे कागदावर ही जोडी एकत्र बाटलीत घालणं चुकीचं अजिबात नाही.

पण गाय म्हणजे उंदीर नाही, मध्ये कोठीपोट आहे. साधं कार्निटिन तोंडाने पाजलं की पोटातले जीवाणूच ते मोडून टाकतात. लिव्हरपर्यंत पोचवायचं तर आवरण दिलेलं, म्हणजे रुमेन-प्रोटेक्टेड कार्निटिन लागतं, नाहीतर भरपूर द्यावं लागतं. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात व्यायच्या सुमारास गाईंना रोज ६, ५० आणि १०० ग्रॅम कार्निटिन देऊन पाहिलं होतं, लिव्हरमधली चरबी खरंच कमी झाली, पण डोस वाढवला म्हणून दूध काही वाढलं नाही. आता तुमच्या हातातली बाटली बघा, तिच्यावर कार्निटिन कशात लिहिलंय, ग्रॅममध्ये का मिलिग्रॅममध्ये. त्या अभ्यासातला सगळ्यात कमी डोस ६ ग्रॅम म्हणजे ६००० मिलिग्रॅम. मी हातात घेतलेल्या कुठल्याच बाटलीचा रोजचा डोस याच्या आसपास पण जात नव्हता, आणि आवरणाचा उल्लेख नाही. कोलीनचं तेच. कोलीन लिव्हरमधली चरबी पॅक करून बाहेर काढायला मदत करतं, संशोधन चांगलं आहे, पण ते सगळं आवरण दिलेल्या कोलीनवर आहे, साधं कोलीन कोठीपोटातच संपतं. कंपन्यांनी एवढं तरी लिहावं की आवरण आहे का नाही. शेतकरी वाचत नाही असं समजून लेबल बनवतात याचा मला खरंच राग येतो.

कुत्र्या-मांजराची गोष्ट वेगळी, त्यांना कोठीपोट नाही. मांजर खायचं बंद झालं की तिला फॅटी लिव्हर फार पटकन होतं आणि तिथे डॉक्टर कार्निटिन देतात ते थेट पोचतं. कोंबड्यांच्या पाण्यात टाकायची लिव्हर टॉनिकं असतात त्यातही ते असतं. तेच टॉनिक बाटली मोठी करून गाईला विकलं तर तसाच गुण येईल हे धरून चालू नका.

आता पावडरबद्दल. कॅल्शियम प्रोपिओनेट पांढरी, पुडी फोडली की चीजसारखा आंबूस वास नाकात जातो, हाताला पण राहतो बराच वेळ. पाण्यात मस्त विरघळते, गाळ राहत नाही. ही तीच पावडर जी पावाला बुरशी लागू नये म्हणून बेकरीत वापरतात, पावाच्या पाकिटावर २८२ नंबर असतो तो हिचाच. तिच्यात जवळजवळ २१ टक्के कॅल्शियम आहे त्यामुळे व्यायल्या दिवशी दोन कामं होतात, ग्लुकोजला कच्चा माल आणि मिल्क फिवरला, म्हणजे व्यायल्यावर कॅल्शियम कमी पडून गाय बसते त्या आजाराला, आडकाठी. बाहेरच्या देशात ताज्या व्यायलेल्या गाईला अर्धा किलोच्या आसपास पावडर भरपूर कोमट पाण्यातून नळीने पोटात देतात, त्यातून १०० ग्रॅमच्या वर कॅल्शियम जातं. कॅल्शियम क्लोराइडची जेल असते ती तोंड-घसा भाजते, गाय दुसऱ्यांदा तोंड उघडत नाही, प्रोपिओनेटचा तो त्रास नाही. पण नळीचं काम डॉक्टरांकडूनच करून घ्या. आम्ही डॉक्टरांनी सांगितलेला छोटा डोस पेंडीत कालवून देतो, वासामुळे पहिल्यांदा गाय फुरफुर करते, थोडी मळी टाकली की खाते. आमच्याकडे ही पावडर बाटलीपेक्षा बरीच स्वस्त पडते, फक्त फीड ग्रेड आहे का बघून घ्या आणि डबा घट्ट लावा, हवेने गोळे होतात.

प्रोपिलीन ग्लायकॉल म्हणजे रंग नसलेलं, जरा घट्ट, गोडसर चवीचं. त्यातलं काही कोठीपोटात प्रोपिओनेट होतं आणि काही तसंच रक्तात जाऊन लिव्हरमध्ये ग्लुकोज होतं. किटोसिससाठी परदेशात ठरलेला डोस म्हणजे दिवसातून एकदा ३०० मिली, साधारण पाच दिवस. म्हणून मी बाटली घेताना हेच बघते की रोजच्या डोसात ग्लायकॉल किती जातंय. काही बाटल्यांत सगळ्यात वर "एनर्जी" आणि आत बघावं तर साखरेचा पाक आणि थोडंसं ग्लायकॉल. असल्या बाटलीचा १०० मिलीचा डोस दिला काय न दिला काय सारखंच. आणि उत्साहात दुप्पट-तिप्पट पण पाजू नका, जास्त झालं की गाय झिंगल्यासारखी होते, तोल जातो.

पाजताना घाई नको. मान फार वर ओढायची नाही, गालाच्या बाजूने दात नसतात तिथून बाटलीचं तोंड सारायचं, थोडं थोडं सोडायचं, ठसका लागला की लगेच थांबायचं. श्वासनलिकेत गेलं तर न्यूमोनिया होतो आणि मग किटोसिस परवडला म्हणायची वेळ येते. गाय आडवी पडलेली असेल तर अजिबात पाजू नका. अजून एक, गाडीच्या कूलंटमध्ये असतं ते बहुतेक वेळा इथिलीन ग्लायकॉल, ते जहाल विष आहे, नाव सारखं वाटलं तरी चुकूनही वापरू नका. आणि प्रोपिलीन ग्लायकॉल मांजरांना बाधतं, त्यांच्या रक्तपेशी खराब होतात, गोठ्यात मांजर असेल तर सांडलेलं धुऊन टाका.

गुळाबद्दल सगळेच विचारतात. आपल्याकडे व्यायल्या गाईला गूळ आणि शिजवलेली बाजरी द्यायची पद्धत आहे, आई अजूनही देते. थोडा गूळ द्यायला हरकत नाही, तोंडाला चव येते, गाय पाणी पिते, पण गुळाची साखर रक्तात साखर म्हणून जात नाही, कोठीपोटात आंबते आणि साखरेने ब्युटिरेट जास्त वाढतं, ज्याच्यापासून कीटोनच बनतात. किटोसिस झालेल्या गाईला किलो-दोन किलो गूळ ओतला तर साखर वाढायची सोडून पोटात आम्ल होऊन ती अजून खायची बंद होते. बाजरी मात्र आजीच्या काळापासून बरोबरच चालत आलीय, धान्याच्या पिठापासून प्रोपिओनेट चांगलं बनतं. मका भरड्याचंही तेच, फक्त एकदम वाढवायचा नाही.

बाटलीने फरक पडला का हे कशावरून ठरवायचं तर मीटरवरून. माणसांच्या शुगर मीटरसारखंच कीटोनचं मीटर मिळतं, स्ट्रिप मात्र बीएचबीए या कीटोनचीच हवी. शेपटीखालच्या शिरेतून थेंबभर रक्त घ्यायचं, कासेच्या शिरेतून नको, तिथे आकडा कमी येतो कारण कास स्वतः कीटोन वापरते. १.२ (मिलिमोल प्रति लिटर) च्या वर म्हणजे सुप्त किटोसिस, ३ च्या वर गेलं की उघड आजार म्हणतात. मीटर नसेल तर डॉक्टर लघवीची रोथेरा टेस्ट करतात, जांभळा रंग आला की कीटोन आहेत.

आमची चंद्री तिसऱ्या वेताला व्यायली, भाकड काळात चांगलीच सुटली होती. व्यायल्यावर पाचव्या-सहाव्या दिवशी पेंड बाजूला सारून नुसता कडबा चघळायला लागली, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास, आणि डेअरीत फॅट ५ च्या वर. घरात सगळे खूश, आपल्याकडे भाव ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफवर (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) धरतात तिथे ५ लागली म्हणजे आनंदच. पण व्यायल्यानंतर लगेच फॅट अशी चढते आणि गाय मात्र बरगड्या दाखवायला लागते तेव्हा ती अंगावरची चरबी दुधात येत असते. मीटरवर २.१ आलं. डॉक्टरांच्या सल्ल्याने ग्लायकॉल सुरू केलं, पाच दिवसांनी आकडा १ च्या खाली, आणि त्याच्या आधीच पेंडीची पाटी चाटून पुसून साफ करायला लागली होती. ती बाटली कार्निटिन नसलेली होती. एका गाईवरून काही सिद्ध होत नाही, पण वर सांगितलेल्या शास्त्राला धरूनच झालं हे.

प्रोपिओनेटची पण मर्यादा आहे बरं का. मिशिगन स्टेट विद्यापीठातल्या कामातून दिसलंय की प्रोपिओनेट एकदम फार जास्त लिव्हरवर आलं की गाईची भूक मरते, लिव्हर पोट भरल्याचा निरोप देतं. म्हणून ताज्या व्यायलेल्या गाईला भरडा, पावडर, ग्लायकॉल सगळं एकदम आणि भरपूर हा प्रकार उलटा पडू शकतो. आणि गाय भाकड काळात जाड झाली असेल तर व्यायल्यावर कुठलीही बाटली ती चूक पूर्ण भरून काढत नाही. त्या दोन महिन्यांत तिचं अंग सांभाळायचं, शेवटचे तीन आठवडे पेंड हळूहळू सुरू करायची, गव्हाणीत चारा कायम ठेवायचा, याला पैसे कमी लागतात आणि गुण जास्त.

शेळीवाल्यांसाठी एवढंच, उस्मानाबादीला जुळी असतात, तिला हा त्रास व्यायल्यावर नाही तर व्यायच्या आधी होतो, पोटातली करडं ग्लुकोज ओढतात. ग्लायकॉल तिथेही चालतं पण डोस अगदी कमी, गाईचा बघून देऊ नका, डॉक्टरांना विचारा.

स्टार द्यायचे तर ग्लायकॉल भरपूर असलेल्या साध्या लिक्विडला ५ पैकी ४, पाजायची कटकट आहे म्हणून एक कमी. कॅल्शियम प्रोपिओनेट पावडरला साडेचार, वास सोडला तर तक्रार नाही. "लिव्हर प्लस कार्निटिन" असं लिहिलेल्या महागड्या बाटलीला २, ते पण आतल्या ग्लायकॉलसाठी. आवरण दिलेलं कार्निटिन, ग्रॅममध्ये प्रमाण छापलेलं, आपल्याकडे कुणाला मिळालं असेल आणि मीटर लावून आधी-नंतरचे आकडे घेतले असतील तर खाली नक्की लिहा, गाय कितव्या वेताची आणि व्यायल्यानंतर कितव्या दिवशी दिलं ते पण टाका.